काळजाचे कुलूप

आमचे थोरले चुलते, तात्या, बांधावर दोनदा घेरी येऊन पडले. तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात पाठवले, आणि शहरातल्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा एक उंचवटा आता दिसतो. घरी आले त्या दिवशी सारी आळी तो उंचवटा बघायला लोटली. तात्यांनीही कुणाला नाराज केले नाही.

तंटा उभा राहिला तो नातवामुळे. नातू कॉलेजात जातो. मोबाइलवर काहीतरी वाचून तो म्हणाला, "आजोबा, हे यंत्र वायरलेसवर बोलतं. परदेशात एकानं नुसत्या लॅपटॉपवरून असलं यंत्र बिघडवून दाखवलं होतं." झाले! तात्यांचा मला निरोप आला. गेलो, तर खाटेवर बसून होते. म्हणाले, "तू मास्तर हाईस. खरं काय ते सांग. माझं काळीज दुसऱ्याच्या हातात हाय का न्हाय?"

मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. वैद्यकाशी माझा संबंध औषधांच्या बिलापुरता. तात्यांना म्हटले, "मला थोडी मुदत द्या." त्या मुदतीत जे वाचले, विचारले, त्यातले थोडे आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी यंत्राविषयी दोन शब्द. भजनात पखवाजाचा ठेका धरणारा एक असतो, बाकी टाळकरी त्याच्या मागे जातात. हृदयातही ठेका धरणारा पेशींचा एक पुंजका असतो. तो थकला किंवा त्याचा निरोप खालपर्यंत पोचेनासा झाला, की हृदयाची गती मंदावते, मेंदूला रक्त कमी पडते, माणसाला घेरी येते. पेसमेकर हा उसना पखवाजवाला. तो हृदयाचे ठोके ऐकत बसतो, आणि एखादा ठोका वेळेवर पडला नाही तर विजेची बारीकशी चुणूक देऊन तो पाडतो.

पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला गेला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का संस्थेत. शल्यवैद्य होते ओके सेनिंग आणि यंत्र तयार करणारे होते रूने एल्मक्विस्ट. रुग्णाचे नाव आर्ने लार्सन. हृदय बंद पडून ते दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध होत. त्यांच्या पत्नीने या दोघांचा पिच्छा पुरवला आणि यंत्र करायला लावले. साच्याला दुसरे काही मिळेना, तेव्हा एल्मक्विस्टने बूट-पॉलिशची डबी घेतली. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण लार्सन जगले. पुढे एकामागून एक असे त्यांना एकूण २६ पेसमेकर बसवले गेले, आणि २००१ साली, ८६ व्या वर्षी, ते वारले. तोवर त्यांचे शल्यवैद्य आणि तंत्रज्ञ दोघेही जग सोडून गेले होते!

त्या जुन्या यंत्राला कुलूप लागत नव्हते, कारण त्याला दारच नव्हते. एकदा बसवले की ते आपले ठोके देत राही. पण वैद्यांना अनुभवाने कळले की माणसागणिक गती वेगळी लागते, वयाबरोबर बदलते, आणि दर वेळी छाती उघडून यंत्राचे स्क्रू फिरवणे काही खरे नव्हे. मग यंत्राशी बाहेरून बोलण्याची सोय निघाली, आणि ती रेडिओलहरींची. प्रथम छातीवर तळहाताएवढी चकती ठेवून बोलायचे. पुढे या उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ असा पट्टाच राखून ठेवण्यात आला, आणि काही मीटर अंतरावरूनही संभाषण होऊ लागले. आज उशाशी ठेवलेली एक पेटी रात्री यंत्राची खबर घेते आणि ती दूरच्या इस्पितळाकडे पाठवते. खेड्यात राहणाऱ्या माणसाला ही सोय किती मोलाची आहे ते वेगळे सांगायला नको. दर खेपेला एसटी, जेवण, एका माणसाची बुडालेली मजुरी, एवढे तरी वाचते.

म्हणजे दार झाले. आता दाराचे काय?

२००८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स व वॉशिंग्टन या विद्यापीठांतल्या संगणकाच्या अभ्यासकांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. पेसमेकरचा थोरला भाऊ म्हणता येईल असे एक यंत्र असते. हृदयाची लय पार बिघडली तर ते मोठा धक्का देऊन ती जाग्यावर आणते. त्याला डिफिब्रिलेटर म्हणतात. अभ्यासकांनी तसले, बाजारात मिळणारे एक यंत्र घेतले. रुग्णाच्या अंगात नव्हे हो, टेबलावर. त्याचे बोलणे चालत होते १७५ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपल्या रेडिओच्या मध्यम लहरींच्याही खाली. त्यांनी ते बोलणे रेडिओयंत्राने टिपले. आढळले असे, की रुग्णाचे नाव, जन्मतारीख, दुखणे, सारे उघड्या पत्रासारखे हवेतून जात होते. मग टिपलेलेच संदेश त्यांनी यंत्राला पुन्हा ऐकवले. यंत्राने ते निमूटपणे पाळले. रुग्णाचे नाव बदलले, घड्याळ बदलले, उपचार बंद केले, आणि चाचणीच्या वेळी वैद्य जो धक्का देतात, निरोगी लय मोडू शकणारा, तोही दिला. अर्थात हे सारे काही सेंटिमीटरांवरून. तरी पण बोलणारा कोण आहे, हे यंत्राने एकदाही विचारले नाही.

लहानपणी आपण "च"ची भाषा बोलत होतो, आठवते? प्रत्येक शब्दात "च" घालायचा, आणि मोठ्यांना काही कळत नाही असे समजायचे. मोठ्यांना सगळे कळत असे. ते कळत नसल्याचे दाखवीत. या यंत्रांच्या पुष्कळशा कारखानदारांची समजूत अशीच बालिश होती. आमची भाषा कुणाला ठाऊक नाही, म्हणून आम्ही सुरक्षित! वास्तविक १८८३ साली ऑग्यूस्त केर्कहॉफ्स नावाच्या मूळच्या डच गृहस्थाने, तोही पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा भाषेचा प्राध्यापक, लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना बजावून ठेवले होते, की तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असायचे ते फक्त किल्लीचे. एक भाषाशिक्षक जे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगून गेला, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनियर मंडळी विसरली. शिक्षकांचे सांगणे लोक विसरतातच, हा आपला नेहमीचा अनुभव!

नातवाने वाचले होते ते २०१२ सालचे. बार्नबी जॅक या सुरक्षातज्ज्ञाने मेलबर्नच्या एका परिषदेत दाखवले, की लॅपटॉपवरून सुमारे पन्नास फुटांवरच्या यंत्राला ८३० व्होल्टचा धक्का द्यायला लावता येतो. आणि अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले, की २००७ साली त्यांचे यंत्र बदलताना डॉक्टरांनी त्यातला दुरून बोलण्याचा भाग बंदच करून टाकला होता.

इथे तात्या म्हणाले, "मग माझा बी बंद करा की!"

श्रोतेहो, खरी गोम इथे आहे. आमच्या तर्कशास्त्रात उभयापत्ती म्हणून एक प्रकार आहे. दोन्ही बाजूंनी शिंगे. समजा, तात्यांच्या यंत्राला आपण भक्कम कुलूप लावले, आणि किल्ली त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या हाती दिली. तात्या आषाढी वारीला निघाले आणि नातेपुत्याच्या पुढे रस्त्यात घेरी येऊन पडले. बरोबरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टराला यंत्र उघडून बघायचे आहे, गती बदलायची आहे. तात्या बेशुद्ध. किल्ली आपल्या डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात. मग ते कुलूप चोराला आडवे आले की वैद्याला? आणि कुलूपच नको म्हणाल, तर दार सताड उघडे. घराचे कुलूप आपण मालकाच्या भरवशावर लावतो. मालक शुद्धीवर असतो, किल्ली त्याच्या कडोसरीला असते. इथे ज्या घडीला दार उघडायची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच घडीला मालक बोलू शकत नाही. आणि उघडणारा परका असतो, पण तो हितकर्ता असतो.

आपल्या खेड्यात यावर एक तोड आहे. कुलूप लावायचे आणि किल्ली वळचणीला खोचायची. सगळ्या आळीला ती जागा ठाऊक असते. पेसमेकरमध्येही अशी वळचणीची किल्ली आहे बरं का! ती म्हणजे लोहचुंबक. छातीवर जोरदार चुंबक धरला की बहुतेक पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात, आणि डिफिब्रिलेटर धक्का द्यायचे थांबवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर याचा उपयोग करतात. सोय म्हणून ठेवलेली वाट आहे ती. पण चुंबकाला काय ठाऊक की धरणारा कोण! अलीकडे मोबाइलांतच चुंबक येऊ लागले, म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले, की असे फोन आणि मनगटी यंत्रे छातीतल्या यंत्रापासून सहा इंच दूर ठेवावीत. तात्यांचा फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात असायचा. तो आता उजव्या बाजूला, कोपरीच्या खालच्या खिशात गेला आहे.

या कोड्यावर तोडगे पुष्कळांनी सुचवले. २००८ च्याच अभ्यासकांनी एक साधी युक्ती सांगितली. यंत्राशी कुणी बोलू लागले की त्याने बारीक शिट्टी वाजवावी. चोराने दाराला हात लावला की कडी वाजते, तसे. आणि शिट्टीला लागणारी ऊर्जा यंत्राच्या बॅटरीतून न घेता, जो बोलायला आला त्याच्याच रेडिओलहरींतून घ्यावी! चोराच्याच काठीने कडी वाजवायची. छातीच्या आतली शिट्टी बाहेर ऐकू येते का हे पाहायला त्यांनी ते उपकरण चक्क मांसाच्या पिशवीत घालून ऐकले.

ही बॅटरीची गोष्ट जरा नीट ध्यानात घेतली पाहिजे. पेसमेकरची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे पुरते. संपली की पुन्हा कातडी चिरून यंत्र बदलायचे. गुप्तलेखनाला, म्हणजे प्रत्येक संदेश कुलूपबंद करून पाठवायला, थोडी का होईना वीज लागते. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की चोराला "तू कोण" असे विचारायलाही वीज लागते. कुणी रात्रंदिवस दार ठोठावत बसला आणि यंत्र प्रत्येक वेळी त्याला प्रामाणिकपणे "नाही" म्हणत राहिले, तर आत न शिरताही तो बॅटरी संपवील.

२०१० साली काही अभ्यासकांनी यंत्र बसवलेल्या माणसांनाच विचारले, की किल्ली कुठे ठेवलेली तुम्हाला आवडेल? एक सूचना होती, ती अंगावर गोंदावी. दुसरी, हातात कडे घालावे. पुष्कळांना दोन्ही रुचले नाही. कडे घातले की चारचौघांत आजारी म्हणून ओळख पटते. आमच्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, दंडावर गोंदण होते. तिला आणखी एक ठिपका जड झाला नसता. पण आजारपणाचे गोंदण आणि सौभाग्याचे गोंदण यांत अंतर आहे, हे तिनेही मान्य केले असते.

मला सर्वांत आवडला तो २०१३ सालचा विचार. यंत्राने उपऱ्याला एवढेच विचारायचे, "या क्षणी हृदय कसे पडते आहे, सांग." आतून यंत्र ठोके मोजते, बाहेरून वैद्य अंगाला हात लावून मोजतो. दोन्ही मोजणी जुळल्या तर दार उघडायचे. ठोक्याठोक्यांमधले बारीक फरक कुणी आधी पाठ करू शकत नाही. म्हणजे जो नाडी धरू शकतो तो आत, जो भिंतीआड लपला आहे तो बाहेर. नाडी हीच किल्ली! माणसाच्या अंगाला हात लावण्याइतके जवळ कोण येते? आपला माणूस आणि वैद्य. अर्थात यालाही आक्षेप निघाले. चेहऱ्याच्या चित्रफितीवरून नाडीची गती ओळखता येते, हे २०१० सालीच सिद्ध झाले होते. त्यातून ठोक्यांचे बारीक फरकही वाचता येतील काय, यावर वाद आहे. आणि हा विचार प्रयोगशाळेतला आहे, तात्यांच्या छातीतला नव्हे, हेही सांगून ठेवतो.

आता दुसरी एक हकिगत, कारण तिने मला फार विचारात पाडले. २०१६ मध्ये सेंट ज्यूड या कंपनीच्या यंत्रांतल्या उणिवा उजेडात आल्या. उजेडात आणणाऱ्यांनी कंपनीचे शेअर पडतील यावर पैसेही लावले होते, म्हणून त्यांच्या हेतूवर बरीच टीका झाली. ती सोडून देऊ. पुढे ती कंपनी अ‍ॅबट कंपनीत गेली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी आतला आज्ञासंच सुधारून देण्यात आला. रुग्णाने दवाखान्यात यायचे. साधारण तीन मिनिटांचे काम. तेवढा वेळ यंत्र मिनिटाला ६७ असे ठरावीक ठोके देणार. यामुळे कुणाला इजा झाल्याची नोंद तोवर नव्हती, असे प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. पण त्यांनी आणखी एक आकडा दिला. पूर्वीच्या अनुभवावरून, सुधारणा करताना यंत्र पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण ०.००३ टक्के. म्हणजे लाखात तीन. आता हिशेब करा. सगळ्यांनी सुधारणा करून घेतली तर ४ लाख ६५ हजारांत सुमारे १४ जणांचे यंत्र दुरुस्तीच्याच वेळी बंद पडण्याचा संभव. एका बाजूला कधी न आलेला चोर, दुसऱ्या बाजूला मोजून सांगितलेले चौदा. ज्याचा श्वासन् श्वास यंत्रावर अवलंबून आहे, त्याने काय करावे? प्रशासनाने सक्ती केली नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावे, असे सांगितले. माझ्या मते ते योग्यच केले. कुलूप करणाऱ्याला चोराची भीती दिसते. रुग्णाला कुलपाचीही वाटते.

आणि बिघाड चोरच करतो असे थोडेच आहे? मारी मो या नॉर्वेच्या संगणक-सुरक्षातज्ज्ञ. त्यांना स्वतःलाच २०११ मध्ये पेसमेकर बसवावा लागला. पुढे लंडनच्या एका भुयारी स्थानकाचा जिना चढताना त्यांना एकाएकी धाप लागली. पाय चालेनात. तपासात कळले, की डॉक्टरांच्या पडद्यावर दिसत होते ते आकडे आणि यंत्रात प्रत्यक्ष भरलेले आकडे वेगळेच होते. माझ्या हृदयात कोणती आज्ञावली चालते ते मला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

इथवर जिवाची गोष्ट झाली. आता अब्रूची. ही माझ्यावरच गुदरली.

तात्यांना पहिल्या तपासणीला मी घेऊन गेलो. ते इस्पितळ कोणते ते सांगत नाही. आत गेलो तर संगणकाच्या पडद्यावर आधीच्या रुग्णाचा कागद तसाच उघडा. मी वाचायला नको होता. पण मास्तराचे डोळे. अक्षर दिसले की वाचतात. नाव, गाव, वय बावीस, दुखणे. गाव आमच्या शेजारचे. मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी. आणि तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हे मला गावच्या बाजारात चार दिवसांपूर्वी कळले होते.

श्रोतेहो, त्या मुलीने मला काही सांगितले नव्हते. सांगावे की न सांगावे, कुणाला, केव्हा, हा सर्वस्वी तिचा प्रश्न. यंत्र घेऊन ती उत्तम संसार करील, याविषयी मला शंका नाही. पण गावात "छातीत मशीन आहे" एवढे तीन शब्द सुटले, की पुढचे सारे लोकच ठरवणार. तिथे कुणी लॅपटॉप घेऊन बसला नव्हता. पडदा फिरवून ठेवायला एक माणूस विसरला होता, इतकेच. त्या दिवसापासून मी ते ओझे घेऊन हिंडतो आहे. बाजारात तिचे वडील भेटले, तर माझीच मान खाली गेली.

यंत्राजवळची माहिती कुणाची, हा प्रश्न साऱ्या जगात आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात २०१६ साली एका माणसाचे घर जळाले. पोलिसांनी न्यायालयाचा हुकूम काढून त्याच्या पेसमेकरमधली नोंद मागवली, आणि आगीच्या वेळच्या त्याच्या ठोक्यांवरून त्याच्यावर आग लावल्याचा आळ घातला. २०१७ मध्ये न्यायाधीशाने तो पुरावा ग्राह्य धरला. तो माणूस दोषी की निर्दोष हे ठरण्याआधीच वारला. पण स्वतःच्याच काळजाला साक्षीला उभे केलेले पाहून त्याला काय वाटले असेल? आणि मेल्यावर तरी सुटका आहे काय? परदेशात मृतांच्या शरीरातून काढलेली, निर्जंतुक केलेली यंत्रे मुंबईत गरीब रुग्णांना बसवल्याचे आणि ती चांगली चालल्याचे अभ्यास २०११ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. पुण्याचेच काम ते. पण यंत्राला स्मरणशक्ती असते. पहिल्या धन्याचे नाव-गाव पुसूनच ते दुसऱ्याला दिले पाहिजे.

कायदे होत आहेत. अमेरिकेत २०२३ पासून अशा यंत्रांच्या कारखानदाराला सुरक्षेची योजना आधी दाखवावी लागते, आत कोणकोणते आज्ञासंच आहेत त्याची यादी द्यावी लागते. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले, आणि व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली. कायदा कागदावर येतो तेव्हा त्या खोलीतला पडदा आपोआप फिरत नाही, ही गोष्ट वेगळी.

तात्यांना मी हे सगळे सांगितले. एवढ्या लांबून कुणी तुमच्या वाटेला जाईल असे दिसत नाही, उशाशी ठेवायची पेटी तुम्हाला दिलेलीच नाही, यंत्राचे ओळखपत्र मात्र कायम जवळ बाळगा, आणि तपासणीला गेलात की विचारा, यंत्रासाठी काही सुधारणा आली आहे का, ती घ्यावी का. ते सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं. पर त्या पोरीचं कुणाला बोललास?"

"नाही," मी म्हटले.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. आमच्या मागे बाकावर एक बाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. तात्यांचे काम झाले. चकती छातीवरून उचलली. सदऱ्याच्या गुंड्या लावता लावता तात्या तंत्रज्ञ मुलाला म्हणाले, "बाळा, माझं नाव पुस तेवढं त्या काचेवरचं. मग त्या बाईला आत बोलाव."

मुलाने पडदा मोकळा केला. तात्यांनी तो वाकून पाहिला, टोपी घातली, आणि आम्ही बाहेर पडलो.